कोथरूडच्या मैदानावर घरं येणार: हरकत लिहिण्याआधी जमीन कोणाची ते बघा

तुमचा प्रश्न मला असा समजला. कोथरूडमध्ये तुमच्या सोसायट्यांच्या मागे विकास आराखड्यात ‘खेळाचे मैदान’ म्हणून दाखवलेली मोकळी जागा आहे. पोरं तिथे वर्षानुवर्षं क्रिकेट खेळतात, सकाळी ज्येष्ठ मंडळी फेऱ्या मारतात. आता वर्तमानपत्रात नोटीस आली आहे की आरक्षण बदलून ही जागा निवासी करण्याचा प्रस्ताव आहे, हरकती महिन्याभरात द्या. तुम्ही सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे. आणि मनात एक टोचणीही आहे: तिथे काही छोटी, परवडणारी घरंही होणार म्हणतात, मग विरोध करणारे आपण घरांच्याच विरोधात ठरतो का?

माझी उमेदीची वर्षं नगररचनेच्या कामात गेली. आता लोकांना हरकती लिहायला मदत करतो. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. मैदानं बहुधा फेरबदलाच्या नोटिशीमुळे जात नाहीत. त्याआधीची दहा-वीस वर्षं महापालिकेने ती ताब्यात न घेतल्यामुळे जातात. नोटीस येते तेव्हा निम्मं काम होऊन गेलेलं असतं. म्हणून सह्या चालू ठेवा, पण या आठवड्यात पहिलं काम वेगळं आहे: ही जमीन आज कागदावर कोणाची आहे ते शोधा. माझं पुढचं सगळं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

बाहेरून बघणाऱ्याला सगळ्या मोकळ्या जागा सारख्याच दिसतात. कायद्यात त्यांचे प्रकार वेगळे आहेत आणि प्रत्येकाचं भवितव्य वेगळं आहे. पहिला प्रकार, आराखड्यात मैदानाचं आरक्षण आहे पण मालकी अजून खासगी. दुसरा, आरक्षण आहे आणि महापालिकेने पैसे किंवा टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन जागा ताब्यात घेतली आहे. तिसरा, एखाद्या मोठ्या लेआउटमध्ये नियमाप्रमाणे सोडलेली दहा टक्के खुली जागा, जिच्यावर तिथल्या सदनिकाधारकांचा हक्क असतो. चौथा, बिल्डरने महापालिकेला दिलेली अ‍ॅमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठीची जागा. आणि पाचवा, सगळ्यात फसवा: आरक्षण वगैरे काही नाही, जागा निवासी झोनमध्येच आहे, मालकाने इतकी वर्षं बांधलं नाही म्हणून पोरं खेळत होती. पाचव्या प्रकारात खेळण्याची वहिवाट दाखवून फारसं काही हाती लागत नाही. तुमच्या नोटिशीत आरक्षण बदलण्याचा उल्लेख आहे, म्हणजे तुमची जागा पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारातली. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शोधायचं कसं? नोटिशीत सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर दिलेला असतो. त्याचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका ऑनलाइन काढा आणि मालकाचा रकाना बघा. तिथे ‘पुणे महानगरपालिका’ असेल तर तुमची बाजू फार भक्कम आहे, कारण लोकांच्या पैशाने किंवा लोकांच्या नावावर दिलेल्या टीडीआरने घेतलेली जागा परत निवासी करण्याचं कारण महापालिकेला द्यावं लागेल. खासगी नाव असेल तरी थांबू नका. ताबा झालेला असूनही सातबाऱ्यावर जुनंच नाव राहिल्याची उदाहरणं मी कितीतरी पाहिली आहेत. म्हणून मालमत्ता व्यवस्थापन विभागाकडे आणि भूसंपादन विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. नेमकं मागा: या आरक्षणाच्या संपादनाचा प्रस्ताव, ताबा पावती, दिलेला टीडीआर, मालकाने दिलेली खरेदी नोटीस आणि तिच्यावर झालेली कार्यवाही. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलेल्या अर्जाला उत्तरही तसंच ढोबळ येतं. उत्तराला कायद्याने ३० दिवस आहेत, म्हणजे ते हरकतीच्या मुदतीनंतर येऊ शकतं. त्यामुळे अर्ज आजच टाका आणि सोबत फाइल प्रत्यक्ष पाहायची परवानगीही मागा. फाइल बघायला मिळाली तर अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांची पानं मागे उलटत वाचा. खरी गोष्ट तिथे असते.

आता त्या खरेदी नोटिशीबद्दल, कारण सगळ्याची मेख तिथे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊन म्हणू शकतो, ‘घ्या नाहीतर सोडा.’ त्या नोटिशीनंतर २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती, ती पुढे वाढवत २४ वर आणली. पावलं म्हणजे काय यावरही भरपूर भांडणं झाली. २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नुसता ठराव करून किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवून भागत नाही, संपादनाकडे खरोखर नेणारी कृती लागते. महापालिका शेवटच्या महिन्यात जे पत्र धाडते, ते म्हणूनच न्यायालयात टिकत नाही. आणि मालकावर राग धरण्यात अर्थ नाही. त्याची जमीन दहा-दहा वर्षं अडकवून ठेवायची, मोबदला द्यायचा नाही आणि वर बांधूही द्यायचं नाही, हा अन्याय आहे आणि कायद्याने तो ओळखला आहे.

तुमच्या बाबतीत तारीख महत्त्वाची. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा, ज्यात कोथरूड येतं, तो राज्य सरकारने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. त्याआधीचा आराखडा १९८७ चा होता. २०१७ चा आराखडा कसा झाला ते जुन्या मंडळींना आठवत असेल: २०१३ मध्ये मसुदा प्रसिद्ध झाला, ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या, मैदानं आणि बागांची आरक्षणं उठवल्यावरून शहर पेटलं, आणि मार्च २०१५ मध्ये सरकारने आराखडा महापालिकेकडून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला. त्या हजारो हरकतींमुळेच बरीच आरक्षणं वाचली. पण वाचलेल्या आरक्षणांना जानेवारी २०२७ मध्ये दहा वर्षं पूर्ण होतात. तिथून पुढे ज्या-ज्या जागा महापालिकेने घेतलेल्या नाहीत, त्यांच्या मालकांना खरेदी नोटीस देण्याचा रस्ता मोकळा. तुमचं आरक्षण १९८७ पासूनचंच पुढे आलेलं असेल तर मालक जुन्या तारखेपासून मोजणी मांडेल. तो वाद नाजूक आहे, त्याच्यापुरता नगररचनेचं काम करणारा वकील गाठा. या एका तारखेकडे शहरात जितकं लक्ष जायला हवं तितकं जात नाही आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते.

म्हणजे समजा तुम्ही ही नोटीस हाणून पाडलीत. आरक्षण कायम राहिलं, सगळ्यांनी पेढे वाटले. मालकाने नंतर कलम १२७ ची नोटीस दिली, महापालिकेने २४ महिने काही केलं नाही, तर कसली हरकत नाही, कसली सुनावणी नाही, जागा शेजारच्या जमिनीप्रमाणे निवासी वापराला मोकळी होईल. म्हणून हरकतीत फक्त ‘आरक्षण उठवू नका’ असं लिहिणं अर्धवट आहे. ‘आरक्षण कायम ठेवून अमुक मार्गाने जागा ताब्यात घ्या’ असं लिहा. मार्ग तीन आहेत: वाटाघाटीने किंवा सक्तीने पैसे देऊन संपादन, टीडीआर, किंवा मालकालाच काही अटींवर विकसित करू देणं. पैशांचा मार्ग कोथरूडच्या भावात महापालिकेला जड जातो. टीडीआरला पैसे लागत नाहीत, पण मालकाला तो तेव्हाच गोड लागतो जेव्हा बाजारात टीडीआरला भाव असतो आणि जमिनीवर अतिक्रमण किंवा घरगुती वाद नसतो. मालक कोण आहे, त्याच्यात भाऊबंदकी आहे का, त्याला रोख हवी की एफएसआय (भूखंडावर किती बांधता येईल याचं प्रमाण), हे तुम्ही शेजारी म्हणून महापालिकेच्या अधिकाऱ्यापेक्षा लवकर शोधू शकता. मालकाला भेटा. लढाई पुकारायला नव्हे, त्याचं काय अडलं आहे ते ऐकायला. टीडीआर घ्यायला तयार असलेला मालक आणि सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीवर अडकलेली फाइल, ही जोडी मी वरचेवर पाहिली आहे.

आता नोटिशीबद्दल. आधी ती कोणाची आहे ते बघा. त्याच १९६६ च्या कायद्याच्या कलम ३७ खाली महापालिका स्वतः फेरबदलाचा प्रस्ताव मांडते, मग सहसा विषय शहर सुधारणा समिती आणि मुख्य सभेतून आलेला असतो आणि हरकतींनंतर अंतिम मंजुरीसाठी राज्य सरकारकडे जातो. पण काही वेळा नगरविकास विभाग त्याच कलमाच्या पोटकलमाखाली थेट नोटीस काढतो, तेव्हा सुनावणी नगररचना विभागाचे सहसंचालक घेतात. अर्ज चुकीच्या दारात पडला तर तो पोहोचल्याची खात्री कोणी देत नाही. नोटिशीवर लिहिलेल्या अधिकाऱ्याच्या नावेच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिना राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजायचा की वर्तमानपत्रातल्या, हे नोटिशीत लिहिलेलं असतं. शंका असेल तर आधीची तारीख धरा. ठराव कधी झाला तेही बघा. मार्च २०२२ नंतर काही वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासकच समिती आणि सभा दोन्हींच्या जागी होते. त्या काळातला ठराव असेल तर तुमच्या प्रभागाचं म्हणणं कोणी मांडलंच नव्हतं, हे आवर्जून लिहा.

सह्यांबद्दल विचारलंत. एकाच मजकुराखाली हजार सह्या असल्या तर कागदावर ती बहुतेकदा एक हरकत म्हणून नोंदली जाते. वीस घरांनी आपापल्या शब्दांत वीस हरकती दिल्या तर वीस सुनावण्या होतात आणि अहवालात वीस मुद्दे येतात. त्या वीसांत शाळेच्या क्रीडाशिक्षकाची एक असू द्या, खो-खोच्या मुलींच्या पालकांची एक असू द्या. आणि ‘आमच्या भावना दुखावल्या’ छापाचा मजकूर नको. अधिकाऱ्याला नियोजनाचं कारण लागतं, जे तो आपल्या अहवालात उचलून घालू शकेल. उदाहरणार्थ असं:

‘सदर आरक्षणाच्या पाचशे मीटर परिघात विकास योजनेत दर्शविलेले अन्य खेळाचे मैदान प्रत्यक्षात विकसित झालेले नाही. या परिसरात मंजूर झालेल्या नवीन बांधकामांमुळे लोकसंख्येत भर पडणार असून मैदानाची गरज आराखडा मंजूर करतेवेळच्या गरजेपेक्षा वाढली आहे. प्रस्तावात पर्यायी मैदानाची जागा दर्शविलेली नाही. सबब फेरबदल नामंजूर करावा व सदर जागा टीडीआरद्वारे संपादित करण्याची कार्यवाही करावी.’

यातलं प्रत्येक वाक्य तपासता येतं. परिघात दुसरं मैदान खरंच आहे का ते स्वतः चालून बघा, फोटो काढा. आराखड्यातली शेजारची दोन आरक्षणं प्रत्यक्षात पार्किंग आणि मांडववाल्यांचं गोदाम झालेली निघाली, तर तुमच्या हरकतीतलं सगळ्यात वजनदार पान ते असेल. ‘तुम्हाला यात बोलण्याचा अधिकार काय’ असं कोणी म्हणालं तर १९९१ चा बंगळूरचा निकाल सांगा: बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती, शेजारच्या रहिवाशांनी आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार रद्द ठरवला. परिसरातल्या रहिवाशाला अशा जागेबद्दल दाद मागण्याचा हक्क आहे, हे त्यात पक्कं झालं.

आता तुमची टोचणी. मी तिला हलकं मानत नाही. पुण्यात रिक्षावाल्याला, नर्सला, दुकानात काम करणाऱ्याला शहरात घर मिळत नाही हे खरं आहे आणि घरं हवीतच. पण ‘छोटी घरं होणार’ हे शब्द कशावर उभे आहेत ते विचारा. एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० च्या अखेरीस आली. तिच्याप्रमाणे पुण्यासारख्या शहरात चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर वीस टक्के घरं आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. म्हणजे ही घरं बिल्डरची मेहेरबानी नव्हे. ती कोणत्याही मोठ्या भूखंडावर व्हायचीच आहेत. त्यासाठी मैदान देण्याची गरज नाही.

दुसरं, बिल्डर म्हणेल ‘आम्ही आत खेळायला जागा सोडतोच आहोत.’ याचा हिशोब मी लोकांना नेहमी कागदावर करून दाखवतो. एक एकराच्या, म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटरच्या भूखंडात दहा टक्के खुली जागा म्हणजे चारशे चौरस मीटर. चौकोनी धरली तर वीस बाय वीस. तिथे कबड्डीचं तेरा बाय दहाचं मैदान बसतं. खो-खोचं मैदान सत्तावीस बाय सोळाचं, ते बसत नाही. बास्केटबॉलचं अठ्ठावीस बाय पंधराचं, तेही नाही. फुटबॉलला सात हजार चौरस मीटरच्या घरात जागा लागते, त्याचं नावच नको. आणि त्या वीस बाय वीसमध्ये घसरगुंडी, बाक आणि जनरेटर यायचे असतात. खुली जागा लहान पोरांसाठी ठीक आहे, तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींचं तिथे भागत नाही. शिवाय ती सोसायटीच्या गेटच्या आत असते. पलीकडच्या वस्तीतल्या मुलाला वॉचमन आत सोडत नाही.

यात आणखी एक भर पडली आहे. पूर्वी पुण्यात चार हजार चौरस मीटरच्या वरच्या भूखंडातून पंधरा टक्के अ‍ॅमेनिटी स्पेस मिळायची. २०२० ची नियमावली आली तेव्हा तिने ती वीस हजार चौरस मीटरच्या वरच्याच भूखंडांना लावली आणि पाच टक्क्यांवर आणली. म्हणजे नव्या बांधकामातून शाळा, दवाखाना, मैदान यांसाठी येणाऱ्या जागा आटल्या. अशा वेळी आराखड्यातलं तयार मैदान उठवणं म्हणजे बियाणं खाऊन टाकण्यासारखं आहे. नव्या घरांत राहायला येणाऱ्या कुटुंबांच्या पोरांनाही तेच मैदान लागणार आहे. तुमच्या हरकतीत हे वाक्य असू द्या, टोचणी आपोआप कमी होईल.

तडजोडीचं काय? होते, आणि ती नेहमी वाईट नसते. नियमावलीत मालकाला आरक्षित जागेचा काही भाग स्वतः विकसित करू देऊन मोठा भाग तयार मैदानासह महापालिकेला विनामूल्य हस्तांतरित करून घेण्याची तरतूद आहे. जागा मोठी असेल, मालक टीडीआर घ्यायला राजी नसेल आणि कलम १२७ ची घंटा वाजत असेल, तर मी लोकांना हा पर्याय गंभीरपणे घ्यायला सांगतो. अटी मात्र दोन-तीन घट्ट धरा. मैदानाचा भाग सलग असावा, कडेच्या पट्ट्या आणि उताराचे तुकडे जोडून केलेला नसावा. प्रवेश सार्वजनिक रस्त्यावरून असावा, इमारतीच्या आवारातून नव्हे. आणि इमारतीला भोगवटापत्र (राहायला जाण्याची परवानगी) मिळण्याआधी मैदान महापालिकेच्या ताब्यात गेलं पाहिजे, कारण भोगवटापत्रानंतर कोणाला घाई उरत नाही. जागा लहान असेल तर ही तडजोड करू नका, उरलेल्या तुकड्यात खेळता येत नाही.

‘मैदानाऐवजी अद्ययावत क्रीडासंकुल’ असा प्रस्ताव पुढे आला तर थोडं थांबून विचार करा. बॅडमिंटनचा हॉल, जिम, पोहण्याचा तलाव हे सगळं चांगलंच आहे, पण ते फी भरणाऱ्याचं असतं. चालवायला खासगी ठेकेदार येतो, तासावर दर लागतो, आणि मोकळ्या मैदानावर फुकट खेळणारं पोर बाहेर पडतं. २०२१ मध्ये महापालिकेच्या अ‍ॅमेनिटी स्पेस दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा शहरातून जो विरोध झाला, त्याच्या मुळाशी हेच होतं. संकुल व्हायचंच असेल तर करारात लिहून घ्या की मातीचा मोकळा भाग किती राहणार, संध्याकाळी कोणते तास विनामूल्य, महापालिकेच्या शाळांना कोणते दिवस.

सुनावणीला जाताना पाच-सहा जणांनी जा, एकाने बोला, बाकीच्यांनी आपापला मुद्दा नोंदवा. नकाशाचा भाग, सातबारा, फोटो आणि आवक शिक्क्याची प्रत सोबत ठेवा. जे तोंडी बोललात ते लेखी देऊनच बाहेर पडा, कारण पुढे सरकारकडे जाणाऱ्या अहवालात लेखीच जातं. प्रस्ताव मंत्रालयात गेल्यावर नगरविकास विभाग नगररचना संचालकांचं मत घेतो. त्यांचं कार्यालय आपल्याच पुण्यात, सेंट्रल बिल्डिंगमध्ये आहे, तिथेही एक प्रत द्या. आणि महापालिकेचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक तयार होत असताना नगरसेवकाकडून या आरक्षणाच्या संपादनासाठी तरतूद मागून घ्या. नोटिशीचा निकाल काय लागेल त्याची वाट न बघता.

सर्व्हे नंबर आणि नोटिशीचा फोटो टाकलात तर जागा वरच्या कोणत्या प्रकारात बसते ते बघून हरकतीचा मसुदा तपासून देईन. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र माझ्या उत्तरासाठी थांबवू नका.